उत्तर मी दिलं: चिखलदऱ्याच्या डोंगरशर्यतीतलं एक प्रकरण

दुपारचे 12 वाजून 24 मिनिटं. 44 व्या किलोमीटरवरचा तिसरा थांबा. साडेबाराला तो बंद होणार होता. माझा चुलतभाऊ सायकल आडवी टाकून पाण्याच्या जारपाशी उकिडवा बसला होता आणि दुसरी बाटली एका दमात रिकामी करत होता. थांब्यावरच्या डॉक्टर त्याच्याजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "कसं वाटतंय?" त्यानं मान वर केली. तो तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "ठीक आहे मॅडम, निघतोच आम्ही."

त्या एका उत्तरामुळे हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं. आमच्या भागात आता बरीच पोरं डोंगरातल्या सायकल शर्यतींत उतरू लागली आहेत. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्यानं पूर्ण केली, तेव्हापासून तालुक्याच्या गावांतही पहाटे हेल्मेट घातलेली माणसं दिसायला लागली. पण आम्हा हौशी लोकांमध्ये गप्पा चालतात त्या किती चढलो, किती वेळात चढलो याच्या. शर्यत नेमकी कुठे हातातून निसटली, हे कोणी मांडून ठेवत नाही.

जोडी आणि मार्ग

मी 41 वर्षांचा, अचलपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. भाऊ 24 चा. सकाळी शेत, दुपारनंतर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम. त्याच्यासाठी मी 'दादा'. काका लवकर गेले, म्हणून त्याचं कॉलेज, दुकानातली नोकरी, मोटारसायकलचं कर्ज, सगळीकडे बोलणारा मीच. हे पुढच्या गोष्टीत महत्त्वाचं आहे, म्हणून आधीच सांगतो.

शर्यत 62 किलोमीटरची. सुरुवात धामणगाव गढीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथून मोथ्यापर्यंत चढ, मग चिखलदऱ्याच्या पठारावरचे कच्चे रस्ते, दोन मोठे उतार, तितकेच परतीचे चढ आणि शेवट पठारावर. परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे 370 मीटरवर आहे, चिखलदरा 1,100 च्या वर. एवढी उंची पहिल्या टप्प्यातच गाठायची आणि मग पुन्हा उतरून चढायची, असा तो दिवस. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पाची हद्द सोडून मार्ग आखला होता, तरी जंगल जंगलच. साग, मोह, तेंदू, आणि खाली काळ्या बेसाल्टचे सुटे गोटे.

आम्ही जोडीच्या गटात नाव दिलं होतं. दोघांनी प्रत्येक थांब्यावर एकमेकांपासून दोन मिनिटांच्या आत पोचायचं, हा नियम. दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिक या जोडीच्या सायकल शर्यतीत तो वापरात आहे आणि त्यामागचा विचार मला फार आवडतो. ज्याच्या पायात जास्त जोर आहे त्यानं दुसऱ्यासाठी थांबायचं. एक जण बाद झाला, तर दुसरा पुढे जाऊ शकतो, पण क्रमवारीत धरला जात नाही.

तयारी चार महिन्यांची. भाऊ माझ्यापेक्षा निम्म्या वेळा आला, कारण कापसाची वेचणी दिवाळीनंतरच खरी सुरू होते आणि मजूर मिळत नाहीत. तरी चढाला तो माझ्याहून सरस. शेतातले पाय. परतवाड्याहून घाटाकडे जाताना तो पुढच्या वळणावर माझी वाट बघत थांबायचा. म्हणून आम्ही दोघांनीही धरून चाललो होतो की दमणार मीच.

हवा

आमच्याकडे सायकलचा खरा शत्रू सराटा. पिकं निघाली की धुऱ्यावर, गाडरस्त्यावर त्याची काटेरी फळं पसरलेली असतात आणि त्यांचा एक काटा तरी कायम वर तोंड करून असतो. बाभूळ आहेच. माझ्या सायकलला ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, त्यामुळे मी हवेचा दाब 26 पीएसआय ठेवून चालवत होतो. भावाची सायकल साधी, 18 हजारांची, आत ट्यूब. आदल्या रात्री मी त्याला सांगितलं, "सराट्याचा भाग आहे, हवा टाइट ठेव." त्यानं पंक्चरवाल्याकडून 55 भरून आणली.

सकाळी सरावाचा एक फेरा मारून आला आणि म्हणाला, "दादा, जास्त नाही झाली का? सायकल उडून रायली."

"असू दे," मी म्हणालो.

माझं इथं चुकलं होतं, आणि तांत्रिकदृष्ट्याही चुकलं होतं. काट्याला हवेचा दाब अडवत नाही. अडवतं ते टायरचं जाड रबर, नाहीतर ट्यूबमधलं सीलंट. ट्यूब असताना हवा फार कमी ठेवली तर गोट्यावर आदळून ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. म्हणून त्याच्या वजनाला 34–35 पीएसआय ठीक होते. 55 वर टायर दगडाला धरत नाही, त्याच्यावरून उसळतो. ती प्रत्येक उसळी हातांना आणि मनगटांना बसते, आणि ब्रेक दाबला की चाक लगेच घसरतं.

साडेसहाला शर्यत सुटली तेव्हा पारा 12 च्या आसपास होता. धुकं, हातमोज्यांच्या आतही गारठलेली बोटं. थंडीत तहान लागत नाही, घाम वाऱ्यावर सुकतो आणि अंगातून पाणी जातंय हे कळतच नाही. मोथ्याचा पहिला थांबा आम्ही 8 वाजून 50 मिनिटांनी गाठला, 31 किलोमीटरवरचा दुसरा बरोबर 10 वाजता. साडेतीन तासांत भावानं एक बाटलीही संपवली नव्हती. खाल्लं होतं ते पहाटे चारचे पोहे आणि वाटेत चिक्कीचा अर्धा तुकडा. इतका वेळ जोर लावायचा असेल तर तासाला साधारण 60 ग्रॅम तरी कर्बोदकं पोटात जायला हवीत. म्हणजे दोन केळी आणि वर मूठभर खजूर, दर तासाला. हे मला माहीत होतं. माझ्या घड्याळात त्याचा गजरही लावलेला होता. तो वाजला की मी खात होतो, आणि त्याला विचारत होतो, "खाल्लं ना?" तो "हो" म्हणायचा.

आमच्या घरात मोठ्यानं विचारलं की धाकटा "हो"च म्हणतो.

चौतिसावा किलोमीटर

पठार सोडल्यावर पहिला मोठा उतार. सागाची पानं डिसेंबरात तडतडीत वाळलेली असतात, एकेक पान सुपाएवढं, खाली काय आहे ते दिसत नाही. गावाकडे सायकल शिकताना प्रत्येकाला एक गोष्ट सांगितली जाते: पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील. मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगितलेली आहे. साध्या सायकलवर, सपाट रस्त्यावर ती निभते. डोंगराच्या उतारावर नाही. वेग कमी करताना सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे जमिनीला खरी पकड पुढच्याच चाकाची असते. मागचं हलकं झालेलं चाक नुसतं ब्रेकनं अडवलं की ते फिरायचं थांबतं आणि घसरतं. दोन्ही ब्रेक, बूड सीटच्या मागे, प्रत्येक ब्रेकवर एकच बोट आणि दाब हळूहळू वाढवायचा: हे शिकावं लागतं. आम्ही चार महिने चढ शिकलो. उतार एकदाही शिकलो नाही, कारण उतार आपोआप होतो असं वाटायचं.

मी पुढे होतो. मागे पानांचा घसरल्याचा आवाज झाला, मग धातूचा. वळून पाहिलं तर भाऊ उजव्या कुशीवर आणि सायकल त्याच्या पायाखाली. गुडघा सोललेला, कोपराला मुरूम रुतलेला. पाण्यानं धुतलं, हँडल सरळ केलं, ब्रेक पाहिले. सात मिनिटं गेली. निघालो, आणि पन्नास मीटरवर तो म्हणाला, "मांगं कायतरी वाजून रायलं, दादा."

"चालेल. खाली बघू. चल."

सायकल उजव्या बाजूला पडली होती. म्हणजे मागच्या डिरेलरवर, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेऊन गिअर बदलणाऱ्या भागावर, पडली होती. डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो, त्या हँगरला मुद्दाम नरम ठेवतात, की मार बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. वाकलेला हँगर मागून बघितला तर अर्ध्या मिनिटात दिसतो: डिरेलरची चाकं वरच्या दात्यांच्या खाली सरळ रेषेत नसतात, आत झुकलेली असतात. अशा वेळी एकच पथ्य. सगळ्यात हलक्या गिअरला, म्हणजे आतल्या मोठ्या चक्रावर, चेन न्यायची नाही. नेली की डिरेलर स्पोकमध्ये जातो.

36 व्या किलोमीटरला चढ लागला. त्यानं हलका गिअर टाकला. एक कडकड आवाज, चाक जागच्या जागी अडलं. हँगर तुटून डिरेलर चेनला लोंबकळत होता, दोन स्पोक वाकले होते.

माझ्या पिशवीत चेन तोडायचं हत्यार होतं, चेन पुन्हा जोडायची कडी, म्हणजे क्विक लिंक, होती. जास्तीचा हँगर नव्हता. तो मिळतो काही शे रुपयांत, पण प्रत्येक फ्रेमचा वेगळा, आधी मागवून ठेवावा लागतो. आता उरला एकच मार्ग: डिरेलर काढून टाकायचा, चेन आखूड करायची आणि सायकल एका गिअरची करायची. मी हे मोबाइलवर पाहिलेलं होतं, हातानं कधी केलेलं नव्हतं. पुढचं मधलं चक्र, मागचं चौथं. पहिल्यांदा चेन लांब राहिली आणि उतरली. पुन्हा दोन कड्या काढल्या, तर चेन शेजारच्या मोठ्या चक्रावर चढून तारेसारखी ताणली गेली. तिसऱ्या वेळी जमलं, तेही रिवाइंडिंगवाल्या पोराच्या हातानं. त्याची बोटं माझ्याहून शहाणी आहेत; मी मात्र पहिली दोन खेपा हत्यार सोडलं नव्हतं. एकूण 38 मिनिटं. ऊन वर आलं होतं. त्या सगळ्या वेळात आम्ही दोघांनी ना काही खाल्लं, ना प्यालो.

त्यानंतरचे आठ किलोमीटर त्यानं प्रत्येक चढ धावत, सायकल ढकलत काढला, कारण एका गिअरवर चढणं शक्य नव्हतं आणि माझ्या तोंडी एकच वाक्य होतं, "साडेबारा, साडेबारा."

सहा मिनिटं

आता पुन्हा तिसऱ्या थांब्यावर. माझ्यासमोर तीन वाटा होत्या. दोघांनी थांबायचं. त्याला थांब्यावर ठेवून मी एकट्यानं क्रमवारीबाहेर पुढे जायचं. किंवा दोघांनी निघायचं. पुढे 18 किलोमीटर, त्यातला सहा किलोमीटरचा दुसरा उतार असा की तिथं चारचाकी उतरत नाही.

त्याच्या पोटऱ्या हातानं दाबल्या तर दगड लागत होत्या. जर्सीवर मिठाचे पांढरे ओघळ. त्यानं दहा मिनिटांत दीड लिटर साधं पाणी प्यालं होतं. हे सगळं मला दिसत होतं. मला त्याहून स्पष्ट दिसत होतं ते टेबलावरचं घड्याळ. डॉक्टरांनी त्याला विचारलं आणि उत्तर मी दिलं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे पाहून मान हलवली. माझ्या उत्तराशी जुळेल अशी.

12 वाजून 29 मिनिटांनी निघालो.

49 व्या किलोमीटरवर, उतार अर्धा झाल्यावर, तो थांबला. उतरला नाही, थांबला आणि एका बाजूला कलला. मोहाच्या झाडाला धरून ओकला, नुसतं पाणी. हात थरथरत होते. मी विचारलं तर म्हणाला, "तू जाय दादा. मी बसतो इथंच." त्या दिवसातलं हे त्याचं पहिलं वाक्य ज्याला मी ताबडतोब उत्तर दिलं नाही. मी त्याच्या शेजारी बसलो.

फोनला रेंज नव्हती. खाली दोनशे मीटरवर कोरकू वस्ती होती, तिथली एक आजी लाकडाची मोळी घेऊन वर येत होती. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं काही नातं नाही, आणि मला त्यातले चार शब्दही येत नाहीत, इतकी वर्षं या डोंगराखाली राहून. आजी हिंदीत बोलली. तिनं त्याचं कपाळ पाहिलं, मोळी टाकली, घरातून मीठ आणि गूळ आणला. तिच्या नातवानं मोटारसायकलवर आमच्या दोघांच्या मधे त्याला बसवून चार किलोमीटरवरच्या डांबरी रस्त्यावर नेलं. आयोजकांची गाडी तिथं आली. त्याच डॉक्टर होत्या.

त्यांनी मला रागावलं नाही. त्याला आडवं केलं, जलसंजीवनी चमच्या-चमच्यानं दिली आणि समजावून सांगितलं. शरीर जोर लावत असतं तेव्हा रक्त स्नायूंकडे असतं, पोट हळू चालतं. एकदम भरपूर पाणी गेलं तर ते तिथंच डचमळत राहतं. घामातून मीठ गेलेलं असताना वर नुसतं पाणी प्यालं की रक्तातलं उरलेलं मीठ आणखी विरळ होतं, आणि ते फार विरळ झालं तर जिवावर बेततं. म्हणून लिटरभर पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि सहा चमचे साखर, घोटाघोटानं, सकाळच्या थंडीपासून. तीन तासांनी तो उठून बसला, भूक लागली म्हणाला. संध्याकाळपर्यंत ठीक झाला. पहाटे माझ्याच पिशवीत मीठ-साखरेच्या चार पुड्या होत्या. चारही घरी परत आल्या.

आमच्या गावाकडून आणखी चार जण होते. त्यांतले तिघे नीट पोचले. त्यांपैकी दोघांबद्दल सांगायलाच हवं. एक लाइनमन, 52 वर्षांचे. सगळे मोठे चढ पायी चढले, लाज न बाळगता, आणि दर वीस मिनिटांनी काहीतरी खाल्लं: खारे शेंगदाणे, गूळ, उकडलेला बटाटा. साडेनऊ तासांची मुदत होती, ते सव्वानऊ तासांत पोचले. दुसरी परतवाड्याची कॉलेजची मुलगी. तिला सराट्यानं तीन पंक्चर झाले. प्रत्येक वेळी ती सायकल उलटी करून सावलीत बसली, काटा शोधून काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली नाही, आणि काम करताना तोंडात खजूर ठेवला. तिचा वेळ आमच्या दुरुस्तीइतकाच गेला असेल. फरक इतकाच की ती थांबली तेव्हा तिचं पोट भरत होतं आणि आमचं रिकामं होत होतं.

हवा, ब्रेक, हँगर, मीठ. कागदावर या चार वेगळ्या चुका दिसतात, आणि महिनाभर मीही त्या तशाच मांडत होतो. पण हवा जास्त आहे हे त्यानं सांगितलं होतं. मागे आवाज येतोय हे त्यानं सांगितलं होतं. थांब्यावर तो काय सांगणार होता हे मला कधीच कळणार नाही, विचारलं तर म्हणतो, "आठवत नाही." मला वाटतं आठवतं. त्याच्या शरीराची आणि त्याच्या सायकलची माहिती फक्त त्याच्याजवळ होती, आणि दर वेळी निर्णय माझ्या तोंडून गेला. जोडीच्या नियमात वेगाचं अंतर दोन मिनिटं ठरवलेलं आहे. मोठ्या-धाकट्याचं अंतर त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

फेब्रुवारीपासून आम्ही पुन्हा सुरू केलं. नाल्याच्या उतारावर चुन्याची रेघ मारून दोन्ही ब्रेकनं तिथंच थांबायचा सराव. आधी त्यानं पुढचा ब्रेक दाबायला दोन आठवडे घेतले. आता रेघेच्या वीतभर आधी थांबतो. हवा तोच मोजतो, त्याच्या मापानं. 35 वर आणली, ट्यूबमध्ये सीलंट टाकलं. त्याच्या फ्रेमचा हँगर मागवून सीटखाली चिकटपट्टीनं बांधला आहे. चेन आखूड करून एक गिअर करायचं काम त्यानं दुकानात मला शिकवलं. त्याला नऊ मिनिटं लागतात, मला सतरा. खाण्याचा गजर आता त्याच्या स्वतःच्या घड्याळात आहे आणि मी "खाल्लं ना" विचारत नाही, त्याच्या खिशाकडे बघतो.

मागच्या रविवारी मोथ्यापर्यंत जाऊन आलो. परत येताना धामणगावला चहा घेतला. नोंदणी सुरू झाली होती. मी मोबाइल काढला, जोडीचा अर्ज उघडला, त्याचं नाव टाकायला लागलो.

"दादा," तो म्हणाला, "यंदा मी एकट्यानं टाकतो."

मी काय बोलणार होतो ते बाजूला ठेवलं. मोबाइल त्याच्या हातात दिला.